शून्य पूर्णांक चोवीस टक्क्यांची मुलगी

माणूस हजर असणे ही एक गोष्ट आहे आणि तो हजर असल्याची नोंद असणे ही अगदी वेगळी. पहिली देवाच्या हाती, दुसरी कार्यालयाच्या. दोघांत मतभेद झाला तर कार्यालयाचे म्हणणे ग्राह्य धरतात, कारण देवाकडे गोल शिक्का नसतो. हे सत्य मानवजातीला उमजायला हजारो वर्षे लागली. भिवंडीजवळ, वळ गावाच्या पुढे गोदामांच्या रांगेत असलेल्या कै. ठमाबाई बाळाराम तरे माध्यमिक विद्यालयाला ते एका शैक्षणिक वर्षात उमजले. संस्थेचे कौतुक करावे तेवढे थोडे.

शाळेच्या डाव्या हाताला फ्रिजचे गोदाम आहे आणि उजव्या हाताला डायपरचे. मध्ये शाळा अशी चेपून बसली आहे, की महिन्यातून एखादा नवा ड्रायव्हर कंटेनर उलटा घेत घेत थेट प्रार्थनेच्या पटांगणात आणतो आणि विचारतो, "माल किधर उतारना है?" मुले त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. पुढे जे झाले त्यात या ड्रायव्हरांची फारशी चूक नव्हती, हे लक्षात यावे म्हणून एवढे सांगितले.

अनंता भोईर हा या शाळेचा कारकून. बावीस वर्षे हजेरीची बेरीज त्याच्याकडे. जुनी पद्धत फारच मागासलेली होती. वर्गात बाई नाव पुकारीत, मूल "हजर" म्हणे, बाई मान वर करून बघत आणि खूण करीत. म्हणजे मुलाला स्वतःच्या तोंडाने आपण असल्याचे सांगावे लागे आणि बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहावे लागे. अनंता तर उशिरा येणारे मूल जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून ओळखी आणि न पाहताच ओरडे, "भावना, आज पण बस चुकली का गो?" अशा कारभारात पारदर्शकता ती काय असणार?

संस्थेचे अध्यक्ष प्रितेशशेठ तरे यांची या पट्ट्यात अकरा गोदामे आहेत. त्यांनी सभेत विषय काढला.

"अरे, आपल्या वडप्याच्या गोदामात दिवसाला चाळीस हजार खोकी येतात नि चाळीस हजार जातात. एक खोका चुकत न्हाय. इथं पोरं किती? चारशे बारा. चारशे बारा पोरांसाठी तुम्ही वही नि पेन घेऊन बसता? लाज वाटली पाहिजे."

सभेला लाज वाटली. तशी इतिवृत्तात नोंद आहे.

मग गोदामात खोकी ओळखणारी प्रणालीच जरा धुऊनपुसून शाळेत बसवायचे ठरले. खोक्याच्या जागी विद्यार्थी हा शब्द घालण्याचे काम पूर्ण झाल्याचे कंपनीने लेखी कळवले. (हे सर्वस्वी खरे नव्हते. पहिल्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलाच्या घरी "आपला माल खालच्या बाजूने ओला आढळला आहे" असा संदेश गेला. मुलगा खरोखरच डबक्यात पडला होता, त्यामुळे घरच्यांनी तक्रार करायची सोडून प्रणालीचे तोंड भरून कौतुक केले.) प्रणालीचे नाव 'सर्वज्ञ'. पूर्वी हे विशेषण फक्त देवाला लावीत. पण देव सगळे जाणत असूनही कोणाला काही कळवत नाही, ही त्याच्या कारभारातली जुनी त्रुटी होती. हा सर्वज्ञ दर शनिवारी अहवाल देणार होता.

यंत्राने मुले ओळखायची तर त्याला प्रत्येक चेहरा एकदा दाखवावा लागतो. त्यासाठी कंपनीचा माणूस भावेश एकच दिवस येणार होता. कोणता दिवस द्यावा यावर पुष्कळ खल झाला आणि शेवटी शेठनीच तोड काढली. स्नेहसंमेलनाचा.

"त्या दिवशी सगळी पोरं हमखास येतात. आणि नटून येतात. कायमचे फोटो हायेत, पोरांनी जरा नीट दिसायला नको?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. आपल्याकडे कायमचा फोटो कोणी साध्या तोंडाने काढलेला नाही. तेव्हा जानेवारीतल्या त्या संध्याकाळी रंगमंचाच्या मागे भावेशने तिपाई लावली, शाळेने जूनमध्ये जाणारी मुले वगळून नवी येणारी बोलावून घेतली, आणि पावडर लावलेल्या तीनशे पंच्याहत्तर सर्वसाधारण मुलांखेरीज सर्वज्ञाने पुढील मंडळी कायमची ओळखून ठेवली: नवऱ्या एकोणीस (मुंडावळ्यांसह), नवरे चार, झाडे सहा, वानरसेना दोन, ग्रामपंचायत सदस्य तीन (स्वच्छतेच्या नाटिकेतील), प्लास्टिकचा राक्षस एक, बिबट्या एक, आणि नाखवा एक.

हा नाखवा म्हणजे तेव्हा नववीत असलेली उन्नती नामा गोतारणे. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून होडीच्या नाचात नाखवा तिच्या वाट्याला आला. डोक्याला लाल टोपी, गळ्यात रुमाल आणि कानापर्यंत चढवलेली काळी मिशी. तिची आई गुणाबाई वडप्याला गोदामात खोक्यांवर लेबले चिकटवते. मिशीही तिनेच चिकटवली, त्यामुळे ती दोन दिवस निघाली नाही.

जूनमध्ये फाटकावर कॅमेरा बसला. हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिले. कुंकू नेमके भिंगालाच लागल्यामुळे पहिले दोन दिवस शाळेतल्या यच्चयावत मुलांना ताप असल्याचे दिसले आणि शाळा सोडून द्यावी लागली. त्या दोन दिवसांत प्रणालीविषयी एकाही विद्यार्थ्याची तक्रार आली नाही.

आता, हे सगळे अंदाधुंद चालले होते असे कोणी समजू नये. शाळेकडे 'कृत्रिम बुद्धिमत्ता सुशासन धोरण' होते. चौऱ्याऐंशी पानी. ते एका दुपारी यंत्राकडूनच लिहून घेतले होते, कारण यंत्राला काय मानवेल हे यंत्राइतके कोणाला कळणार? त्याने ते कुठल्याशा इस्पितळाच्या कागदावरून उचललेले असावे. कलम नऊमध्ये "रुग्ण शुद्धीवर आल्यावरच त्यास निकाल सांगावा" असे वाक्य होते. समितीने ते तसेच ठेवले. दहावीला ते लागू पडत होते.

समिती सात जणांची. अध्यक्ष शेठ. शिक्षक प्रतिनिधी म्हणून दहावीच्या वर्गशिक्षिका माधवीबाई. नैतिकता सदस्य म्हणून शेठचे मेहुणे कुणाल, कारण ते सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादशींना मटणाला शिवत नाहीत आणि इतका संयम समितीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता. मुख्याध्यापक, आणखी दोन जण गणसंख्येसाठी, आणि 'मानवी देखरेख अधिकारी' या नव्या हुद्द्यावर अनंता. सातही जणांनी धोरण वाचून सह्या केल्या. सर्वज्ञाच्याच नोंदीप्रमाणे सातांनी मिळून ते चार मिनिटे उघडले होते. त्यातली साडेतीन माधवीबाईंची.

मानवी देखरेख हा या धोरणाचा प्राण. यंत्राचा प्रत्येक निर्णय एका जिवंत माणसाने तपासलाच पाहिजे, असे त्यात ठळक अक्षरात लिहिले होते. त्यासाठी अनंताच्या पडद्यावर एक हिरवे बटण होते. त्यावर लिहिले होते, 'योग्य'.

"भावेशभाई, आणि चुकीचं असलं तर काय दाबायचं?"

"वो दुसरं बटण फेज टू में आएगा, भाऊ. तोपर्यंत हेच दाबा."

"आणि न्हायच दाबलं तर?"

"पाच मिनिट में अपने आप दब जाता है. टेन्शन नको."

अशा रीतीने देखरेख अखंड चालू राहिली. अनंता जेवायला गेला तरी खंड पडत नसे.

पहिल्या शनिवारचा अहवाल आला. चारशे बारांपैकी तीनशे पंच्याहत्तर मुले ओळखली, म्हणजे एक्याण्णव टक्के. उरलेली सदतीस 'अनोळखी माल' या सदरात. समिती बसली. समितीपुढे दोन मार्ग होते: फोटो बदलणे किंवा मुले बदलणे. फोटो बदलायला कलम सतरा आड येत होते. त्यानुसार बदलाची विनंती विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यातूनच करायची होती, आणि खाते उघडायला आधी चेहरा जुळावा लागत होता. या तरतुदीचा हेतू असा, की भलत्याच माणसाने येऊन मुलाचा चेहरा बदलू नये. हेतू उत्तम होता. तेव्हा दुसरा मार्ग पत्करून परिपत्रक काढण्यात आले: "विद्यार्थ्यांनी आपल्या नोंदीशी सुसंगत राहावे."

पुढच्या सोमवारपासून सकाळी साडेदहाला फाटकातून एकोणीस नवऱ्या पाठीला दप्तर लावून आत जाऊ लागल्या. मागोमाग नवरे, मग हिरवे कागद खांद्याला बांधलेली झाडे. वानरसेना शेपटी हातात धरून धावत येई. बिबट्याच्या मागे गल्लीतली सगळी कुत्री लागत, म्हणून त्याला बाप मोटारसायकलवरून आणून सोडी. आत गेले की सगळे सोंग उतरवून दप्तरात कोंबत आणि भूमिती सुरू होई. पहिल्या आठवड्यात फ्रिजच्या गोदामातले हमाल काम टाकून बघायला उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात निम्मे राहिले. श्रावण लागेपर्यंत कोणी मान वळवीनासे झाले, उलट एक दिवस एक झाड आजारी पडले तर चहावाल्याने विचारले, "आज पाचच झाडं?"

सदतीसपैकी छत्तीस जुळली. अचूकता नव्याण्णव पूर्णांक शहात्तर टक्के. उरले शून्य पूर्णांक चोवीस टक्के. त्या शून्य पूर्णांक चोवीस टक्क्यांचे नाव उन्नती.

"लाव की गो मिशी," अनंता तिला फाटकात गाठून म्हणाला. "टोपी नि रुमाल मी ठेवतो माझ्या कपाटात. दोन मिनिटांचं काम."

"न्हाय लावणार, अनंतादादा."

"अगो, सगळी लावतात. ती तुळजा बघ, रोज राक्षस होऊन येते, काय बिघडलं तिचं?"

"त्या दिवशी नाच होता म्हणून लावली. शाळेत मी नाचायला येत न्हाय."

एवढे बोलून ती कॅमेऱ्याखालून गेली. वरून गोड बायकी आवाज आला, "अनोळखी माल. कृपया बाजूला ठेवा." तिने वर पाहिलेसुद्धा नाही.

दहावीचा वर्ग अनंताच्या खिडकीसमोर. पहिल्या बाकावर उन्नती बसे, वेणी पुढे घेऊन टोक चावत गणिते सोडवी, आणि माधवीबाईंनी काही विचारले की सगळ्यांच्या आधी हात वर करी. रोज दहा वाजून चाळीस मिनिटांनी अनंताच्या पडद्यावर ओळ उमटे: उन्नती ना. गोतारणे, गैरहजर. अनंता खिडकीतून तिच्याकडे बघे, पडद्याकडे बघे आणि 'योग्य' दाबी. पहिले काही दिवस त्याने दाबले नाही. पाच मिनिटे हात मांडीवर ठेवून बसे आणि बटण आपोआप दबले की उठे. नंतर त्याच्या ध्यानात आले की यात फक्त पाच मिनिटे जातात. मग तोच दाबू लागला. माणसाला कामाची सवय व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला, जास्त नाही.

पण दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. उन्नतीची दिवाळीपर्यंत शून्य होती. सर्वज्ञाने आपण होऊन घरी नोटीस पाठवली: आपली पाल्य एकशे तीन दिवस गैरहजर आहे, तिला घेऊन कार्यालयात यावे. गुणाबाई अर्धी शिफ्ट सोडून, पोरीचा हात धरून आली.

"ही काय समोर उभी हाय! दिसं न्हाय का तुमाला?"

"मला दिसते ओ वहिनी," अनंता म्हणाला. "रोज दिसते. पण माझ्या दिसण्याला आता अर्थ न्हाय."

"मंग कोणाच्या दिसण्याला हाय?"

अनंताने वर बोट केले. गुणाबाईने सवयीने हात जोडले; मग तिथे कॅमेरा असल्याचे पाहून खाली घेतले.

"गो उन्नती, लाव एकदाची ती मिशी. तोंड झिजतं काय तुझं?"

"आये, मंग मिशीवाली पास होईल. मी कुठं असेन?"

आईने कपाळावर हात मारला. दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसरी नोटीस निघाली: वारंवार कळवूनही आपण पाल्यास घेऊन आला नाहीत. फाटकाने दोघींपैकी कोणालाच आत आलेले पाहिले नव्हते, त्यामुळे नोटीस नियमानुसार होती. अनंताने तीही तपासली.

तक्रारीची सोय होती. (धोरणातले कलम बावीस. ते नसते तर संस्थेवर हुकूमशाहीचा आरोप झाला असता.) फोनवर 'ताई' नावाची यंत्रसेविका चोवीस तास तक्रार ऐके. उन्नतीने आईच्या फोनवरून तीनदा लावला. ताईने तिन्ही वेळा मायेने विचारपूस केली, जेवलीस का म्हणून विचारले, आणि सांगितले की तक्रार फक्त हजर विद्यार्थ्यांना करता येते. तू हजर झालीस की पुन्हा फोन कर.

त्यातच सहामाहीचा निकाल लागला. उन्नती वर्गात पहिली आली. गैरहजर मुलीची उत्तरपत्रिका आली कुठून, हे सर्वज्ञाला उलगडेना. त्याने ती 'बेवारस माल' म्हणून बाजूला काढली आणि पहिला क्रमांक एका नवरदेवाला दिला.

अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात समितीची तातडीची सभा झाली. माधवीबाईंनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. जूनपासून त्या रोज जुन्या पद्धतीने नावे पुकारून हजेरी घेत होत्या.

"एकही दिवस चुकलेली नाही ती. ताप असतानाही आली होती. हे बघा, तारीखवार आहे."

कोणी वहीला हात लावला नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला.

"बाई, हे हातानं लिहिलेलं हाय," शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले. "हातानं काय, कोणी पण काय पण लिहील."

"मी लिहिलंय, शेठ. मी रोज बघते तिला."

"तुम्ही बघता ते खरं. पण पुरावा काय?"

मग सगळ्यांनी नैतिकता सदस्यांकडे पाहिले. कुणाल घसा खाकरून म्हणाले, "नैतिकदृष्ट्या बघायला गेलं तर, एका पोरीसाठी नियम वाकवला तर बाकीच्या चारशे अकरांवर अन्याय होतो. त्यातली सहा तर झाडं हायेत. त्यांनी किती सहन केलंय."

हे ऐकून गणसंख्येच्या दोन सदस्यांचेही डोळे पाणावले. तरीही समिती निष्ठुर नव्हती. कलम एकतीसमध्ये सवलत होती: शेवटच्या तारखेपर्यंत एकदा, फक्त एकदा, चेहरा जुळला तर मधली सारी गैरहजेरी म्हणजे यंत्राचा गैरसमज होता असे धरून हजेरी मागील तारखेपासून जमा होणार होती. म्हणजे उन्नतीला एकदाच मिशी लावायची होती. माधवीबाईंनी तिला समजावले. मैत्रिणींनी समजावले. बिबट्यानेसुद्धा समजावले. ती फक्त नकारार्थी मान हलवी.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला यादी बंद होणार होती. चार वाजता शाळा सुटली. उन्नती नेहमीप्रमाणे दप्तर घेऊन फाटकातून बाहेर गेली. जाताना "येते, अनंतादादा" म्हणाली. अनंता पडद्यासमोर बसून होता. बावीस वर्षांत त्याने कोणाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. वरिष्ठ म्हणतील ती पूर्व दिशा. साडेचारला तो उठला. कपाटातून लाल टोपी काढली, रुमाल काढला, गळ्याभोवती गाठ मारली आणि कॅमेऱ्याखाली जाऊन उभा राहिला.

मिशीची तजवीज करावी लागली नाही. ती त्याची स्वतःची होती.

"स्वागत आहे, उन्नती," सर्वज्ञ म्हणाला. "किती दिवसांनी आलीस. जुळवणी अठ्ठ्याण्णव टक्के."

बावन्न वर्षांचा अनंता टोपीसकट पडद्यापाशी परत आला. पडद्यावर ओळ उमटली: उन्नती ना. गोतारणे, हजर, मागील हजेरी जमा. खाली हिरवे बटण. या वेळी त्याने ते मनापासून दाबले.

यानंतर काही दिवस सगळे आनंदात गेले. उन्नतीचा अर्ज गेला. गुणाबाईने गावदेवीला पाच नारळ फोडले. शाळेची अचूकता शंभर टक्के झाली आणि डिजिटल सुशासनाची एक भली थोरली ढाल शेठच्या कार्यालयात आली. ढाल देणाऱ्या संस्थेने या यशाचे श्रेय मानवी देखरेखीला दिले आणि ते अक्षरशः खरे होते. माधवीबाईंना काय ते कळले असावे. त्या उपासाचा एक राजगिऱ्याचा लाडू त्याच्या टेबलावर ठेवून गेल्या.

मात्र एक गोष्ट अनंताच्या ध्यानात आली नव्हती. मुले वाढतात, चेहरे बदलतात, याची कंपनीने काळजी घेतलेली होती. ओळख पटली की सर्वज्ञ जुना फोटो काढून टाकी आणि ताजा ठेवी. आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रासाठी शाळेतून जे फोटो गेले ते ताजे गेले.

फेब्रुवारीत प्रवेशपत्रे हातात आली. उन्नतीच्या पत्रावर नाव तिचे होते, आईचे नाव बरोबर होते, जन्मतारीख बरोबर होती. फोटोत लाल टोपी घातलेला अनंता भोईर कॅमेऱ्याकडे ओशाळवाणे बघत होता.

अनंता सैरावैरा धावला. भावेश म्हणाला, "भाऊ, डेटा लॉक झाला. आता भगवान पण नाही खोलू शकत." शेठ म्हणाले, "तू असा येडेपणा केलास हे बाहेर कळलं तर आपली ढाल जाईल." मुख्याध्यापकांनी केंद्रावर दाखवायला एक पत्र देऊ केले. पत्र अर्थातच सर्वज्ञाकडून लिहून घेतले, कारण शाळेत दुसऱ्या कुठल्या पत्राला आता किंमत नव्हती. त्यात लिहिले होते: प्रमाणित करण्यात येते की छायाचित्रातील व्यक्ती हीच उन्नती नामा गोतारणे असून तिची ओळख अठ्ठ्याण्णव टक्के निश्चित आहे.

पहिला पेपर मराठीचा. भिवंडीतल्या एका केंद्रावर सकाळी उन्नती, गुणाबाई आणि अनंता दहालाच पोचले. केंद्रप्रमुखांनी प्रवेशपत्र पाहिले, पत्र पाहिले, मुलीकडे पाहिले. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे तर तुम्ही."

"हो साहेब. पण ती मी न्हाय. उन्नती ही हाय."

"मग तुम्ही कोण?"

"मी अनंता भोईर. शाळेचा कारकून."

"अनंता भोईर यांचं प्रवेशपत्र आहे?"

"न्हाय."

"मग अनंता भोईर यांचं इथं काही काम नाही. त्यांनी जावं." साहेब नियमाला धरून होते, आवाज चढवला नाही. "आणि उन्नती गोतारणे यांनी लवकर आत बसावं. साडेदहा झाले."

असे म्हणून त्यांनी अनंताला दंडाला धरून आत घेतले. अनंताने फाटकाची सळई पकडली. गुणाबाईने पोरीचे आधार कार्ड पुढे केले. त्यावर पाच वर्षांची उन्नती जिभेचे टोक बाहेर काढून हसत होती. साहेबांनी ते पाहून परत दिले. फोटो कोणाशीच जुळत नव्हता.

"ओ, माझ्या पोरीला विचारा ना कायतरी! कविता विचारा, तिला समदी येतात!" गुणाबाई ओरडली.

उन्नती रडली नाही. लिहायचे पॅड छातीशी धरून ती सरळ उभी राहिली आणि जशी वर्गात म्हणे तशी मोठ्याने म्हणाली, "हजर." फाटकावर दोन-अडीचशे पालक होते. त्यांतल्या बहुतेकांचे हात वर होते. हातात फोन होते.

ती चित्रफीत एक मिनिट चार सेकंदांची आहे. सळईला लोंबकळलेला मिशीवाला, त्याला आत ओढणारे साहेब, "ती मी न्हाय हो, ती ही हाय" हा टाहो, आणि मागे कोणीतरी घातलेले ढोलकीचे संगीत. दोन लाख चौदा हजार लोकांनी ती पाहिली आहे. तुम्हीही पाहिली असेल. नसेल तर आत्ता पाहिलीत, आणि हसलात. हसण्यासारखीच आहे. खाली सहाशे चौदा अभिप्राय आहेत. चारशेंनी नुसतेच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे टाकले आहेत, चाळीस जणांना तशी टोपी कुठे मिळते ते हवे आहे, नव्वद जणांनी आपापल्या मित्राचे नाव लिहून "हा बघ तू" म्हटले आहे, आणि बाकीच्यांनी शिक्षणाचे काय होणार म्हणून चिंता व्यक्त केली आहे. मुलगी आत गेली का, असे विचारणारा त्यांत एकही नाही.

तुम्हीही विचारले नाहीत. तरी सांगायला हवे.

नाही गेली.